बर्फातला नमुना

माझ्या नणंदेला लोक घाबरतात, आणि त्यात पहिला नंबर माझा. वयाने माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, उंचीने वीतभर कमी, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने शिंक गिळावी. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा सासूबाईंनी पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगितलं, "ही आमची थोरली. हॉस्पिटलात असते, रक्त तपासते." वन्संनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "रक्त नाही आई, वीर्य." पाहुण्यांतले एक काका खोकत खोकत जे बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

पुढे घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं तेव्हा वन्संनीच मला त्याच लॅबच्या नोंदणीच्या खिडकीवर चिकटवलं. उपकार केले, मान्य आहे. पण नातलगाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक! इतरांना एकदा ओरडायच्या, मला ऑफिसात एकदा आणि घरी भाजी चिरताना पुन्हा एकदा.

लॅब तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, अगदी टोकाला. खोली नंबर नऊ. दुधी काचेचं दार, आत दोन मायक्रोस्कोप, नमुना शरीराइतका गरम ठेवणारी एक तबकडी, आणि गणतीची दोन बटणं असलेलं एक छोटं यंत्र. एक बटण हलणाऱ्या शुक्राणूंसाठी, दुसरं न हलणाऱ्यांसाठी. नऊ नंबरला लागून आणखी एक खोली होती, नमुना देण्याची. एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक बेसिन, कपडे अडकवायला एक खिळा आणि नीट न बसणारी कडी. एक्स-रेच्या रांगेतली माणसं शौचालय समजून ते दार दिवसातून दहा वेळा ढकलायची. आतल्या माणसाची काय अवस्था होत असेल, मी कधी विचार केला नाही. खरं सांगायचं तर मी त्या खोलीकडे बघायचंच टाळत असे.

खिडकीवर येणारे पुरुषही माझ्याकडे बघायचं टाळायचे. कोणी म्हणे "ती टेस्ट", कोणी "डॉक्टरांनी सांगितलंय ते", एकाने तर नुसती भुवई उडवली आणि मला कळलं असं गृहीत धरून बाकावर जाऊन बसला. मीही वस्तादच. डबी सरकवायची, सूचनांचा कागद सरकवायचा, "सगळं लिहिलंय, वाचा," म्हणायचं आणि रजिस्टरमध्ये डोकं घालायचं. वन्संनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं की घरून नमुना आणणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगायचं, डबी अंगालगत, शर्टाच्या आत धरून आण, तासाच्या आत आण. पहिला महिना मी सांगितलं. मग एकाने "अंगालगत म्हणजे नक्की कुठे?" असं विचारलं आणि मी जी पाणी पाणी झाले, त्यानंतर सांगणं सोडून दिलं. कागदावर तासाचं लिहिलेलं होतं. अंगालगतचं नव्हतं.

वन्संना मात्र लाज नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. जोडपं आलं की आधी त्याला आणि तिला समोर बसवायच्या आणि भिंतीवरचं चित्र दाखवायच्या. चित्र त्यांनी स्वतः काढलेलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, निळ्या आणि लाल बॉलपेनने.

"हे वृषण," त्या पट्टी टेकवून सांगायच्या. "डावं बहुतेकांचं जरा खाली असतं, घाबरायचं कारण नाही. ही पोटात सुरक्षित राहायचं सोडून बाहेर का लटकतात? कारण आत गरम होतं. शुक्राणू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. म्हणून ही पिशवी. गारठा पडला की आक्रसून वर येते, उकडलं की सैल सोडते. तुमची परवानगी मागत नाही."

एवढं झालं की नवरा खुर्चीत सरळ बसायचा आणि बायको पहिल्यांदा मान वर करायची.

"तयार झाले म्हणून लगेच पोहता येत नाही त्यांना. ही मागची नळी बघा, गुंडाळून ठेवलीय. उलगडली तर वीस फूट भरेल. तिच्यातून सरकता सरकता ते पोहायला शिकतात. मग ही शुक्रवाहिनी, वर पोटात जाते, मूत्राशयामागून वळसा घेते. तिथे वीर्यकोशाचं आणि प्रोस्टेटचं पाणी मिसळतं. बाहेर येतं त्यातलं जवळजवळ सगळं ते पाणीच. शुक्राणू असतात चिमूटभर. आणि एक लक्षात ठेवा, दाढी, आवाज, ताकद, इच्छा, सगळं ठणठणीत असूनही इथे गडबड असू शकते. त्यात कमीपणा काही नाही. गुडघा दुखतो तेव्हा लाजता का?"

एकतीस वर्षं हे भाषण रोज. मला तोंडपाठ झालं होतं.

एके वर्षी एक जोडपं आलं. तो दूध डेअरीत होता, सकाळी आलेल्या दुधाचे नमुने काढून तपासायचा. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. लग्नाला चार वर्षं झालेली. चार वर्षांत तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही दोनदा. सगळं व्यवस्थित. त्याची एकही नाही. आता बायकोने हट्ट धरला म्हणून आला होता. वन्संचं भाषण मात्र त्याने शाळेतल्या हुशार विद्यार्थ्यासारखं ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे मॅडम, थंडच पाहिजे?"

"अगदी बरोबर," वन्संनी म्हटलं. विद्यार्थ्यावर खूश झाल्या होत्या.

त्या खोलीत, त्या कडीच्या भरवशावर, त्याला काही जमेना. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन बाहेर आला. घर स्कूटरवरून वीस-पंचवीस मिनिटांवर, तेव्हा घरून आणायचं ठरलं. मी डबी दिली, कागद दिला. "सगळं लिहिलंय, वाचा."

दुसऱ्या दिवशी त्याने डबी आणून दिली. वरचं लेबल ओलं, शाई पसरलेली. मी मनात म्हटलं, काय धांदरट माणूस आहे, आणि नवीन लेबल चिकटवून डबी गरम तबकडीवर ठेवली. अर्ध्या तासाने वन्संनी मायक्रोस्कोपखाली घेतली. एकही शुक्राणू हलत नव्हता. त्यांनी रंग टाकून पाहिला. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते. सगळे गुलाबी.

तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना, पुन्हा ओलं लेबल, पुन्हा सगळे गुलाबी. वन्संनी सही केली, पण त्या दिवशी जेवणाचा डबा उघडून नुसत्या बसून राहिल्या.

"संख्या बरी आहे गं. डोकं, मान, शेपूट, जिथलं तिथे. आणि सगळेच्या सगळे मेलेले? एखादा तरी तडफडायला नको?"

"असतं एकेकाचं नशीब," मी म्हटलं. मला त्यांची कोशिंबीर हवी होती.

डॉक्टरांनी जोडप्याला सांगितलं की यातून मूल होणं नाही. दात्याचे शुक्राणू घेता येतील, सोमवारी बारा वाजता येऊन संमतीच्या कागदावर सही करा, त्याआधी नियमाप्रमाणे शुक्रवारी तिसरा नमुना द्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. नवऱ्याचं अंग तपासायचं म्हटलं तर तो पँटच सोडायला तयार नाही, मग त्यांनीही सोडून दिलं.

दात्याकडून घेऊन सुखाने मुलं वाढवणारी जोडपी मी खिडकीतून पाहिली आहेत. पण हा माणूस खचला. बायको बाकावर बसून मला सांगत होती, "ताई, हा जेवायला माझ्याबरोबर बसत नाही. म्हणतो, तू अजून तरुण आहेस, दुसरं लग्न कर, मी अडवणार नाही. सोमवारी सही करायला येईन म्हणतो, पण त्यानंतर घरी राहील असं मला वाटत नाही." ती रडत नव्हती. पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

शुक्रवार आला. मी चहाला गेले होते, म्हणून खिडकीवर वन्सं. मी परत आले तर त्या डबी हातात धरून उभ्या, हातमोज्यावर पाण्याचे थेंब.

"हे ओलं का?"

"नेहमीच ओलं असतं त्यांचं," मी म्हटलं. "मी लेबल बदलते दर वेळी."

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा खाली पडला. मग त्या खिडकीतून वाकून त्याला म्हणाल्या, "डबी गार लागतेय. कशी आणलीत?"

त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसला. "बर्फात, मॅडम. डेअरीची पेटी आहे ना माझ्याकडे. नमुना म्हटलं की बर्फात, नाहीतर नासतो, रिपोर्ट चुकतो. तुम्हीही म्हणालात थंड लागतं. तिन्ही वेळा बर्फात आणलाय. एकदाही ऊन लागू दिलं नाही."

कोणीही हसलं असतं. वन्सं हसल्या नाहीत. दार उघडून बाहेर गेल्या, दोघांना आत घेऊन आल्या.

"नीट ऐका. तयार होताना थंडावा लागतो. एकदा बाहेर आले की त्यांना अंगाची ऊब लागते. बर्फाने ते मरतात."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच मारले?"

"बर्फाने मारले. कागदावर लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही. बर्फाआधी ते जिवंत होते की नव्हते, मला माहीत नाही. खोटी आशा लावणार नाही. तीन दिवस थांबा, सोमवारी सकाळी नऊला इथे या, इथल्या खोलीत नमुना द्या. सही त्यानंतर."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते गेल्यावर मात्र दार लावून विचारलं, "तू तोंडाने सांगत नाहीस ना?"

"सगळं मीच सांगायचं का?" मी उसळले. "तुम्हाला लाज नाही, मला आहे! लिहायचं की मग कागदावर!" आणि जी बाथरूममध्ये गेले ती अर्धा तास बाहेर आले नाही. दोन महिने एक माणूस स्वतःला मेल्यात जमा धरून जगत होता, आणि कारण काय, तर मला 'अंगालगत' हा शब्द उच्चारता येत नव्हता.

त्याच दुपारी वन्सं डॉक्टरांकडे गेल्या. मीही मागे गेले, फाइल घेऊन.

"मॅडम, उगाच ढवळू नका आता," डॉक्टर म्हणाले. "तुमचा रिपोर्ट कधी चुकलाय का?"

"एकतीस वर्षांत दोनदा. दोन्ही याचेच." आणि दोन्ही रिपोर्टवर लाल पेनने लिहिलं, नमुना बर्फातून आलेला, निष्कर्ष रद्द. खाली सही, पूर्ण नावानिशी. माझ्यासाठी त्या खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत आणि मला पुढेही केलं नाही. त्यांच्याबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं ते आजही वाटतं.

शनिवारी त्यांनी सुताराला आणून उभं केलं. नवीन कडी, आतून बाहेरून घट्ट. "दहा वेळा ओढून दाखव," म्हणाल्या, आणि त्याने बिचाऱ्याने दाखवली.

सोमवारी नऊला तो आत गेला. वन्संनी स्टूल घेतलं आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी ठाण मांडलं. एक्स-रेची रांग पलीकडच्या जिन्याकडे वळवली. साफसफाईवाल्या बाईंना परत पाठवलं. डॉक्टर स्वतः आले तर त्यांनाही, "उलट्या बाजूने जा," म्हणून पिटाळलं.

बायको बाकावर बसली होती. मी खिडकी बंद करून तिच्यापाशी गेले.

"चूक मॅडमची नाही," मी म्हटलं. "डबी अंगालगत धरून आणायची, हे सांगणं माझं काम होतं. मला लाज वाटायची. मी सांगितलं नाही."

तिने पर्सची चेन ओढून लावली. "त्या कागदांवर मी किती रडलेय, माहितीये तुम्हाला?"

मी उभीच. मग ती बाकावर थोडी सरकली. मी बसले. आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत बसलो.

पन्नास मिनिटांनी कडी वाजली. तो बाहेर आला तो डबी शर्टाच्या आत, पोटाशी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. नऊ नंबरचं दार दहा पावलांवर. ती दहा पावलं तो असा चालला की जणू पोटाशी डबी नाही, पाखरू आहे.

अर्धा तास नमुना तबकडीवर. साडेदहा वाजायला आले. वन्संनी काचेवर थेंब घेतला, डोळा लावला. मी फळीला टेकून उभी. मला मायक्रोस्कोपमधलं कळत नाही, पण त्या यंत्राचा आवाज कळतो. न हलणाऱ्यांचं बटण जाड आवाजाचं, हलणाऱ्यांचं बारीक. त्याच्या आधीच्या दोन्ही वेळा मी फक्त जाड आवाज ऐकला होता.

टक. टक. टक.

तिन्ही जाड.

टक. टिक.

टिक. टक. टिक टिक.

"वन्सं!"

"गप. मोजतेय मी." पण त्यांचा आवाज बदलला होता. दोनशे मोजून झाल्यावर त्या उठल्या. "ये. बघ."

लॅबमधल्या अकरा वर्षांत मी त्या भिंगाला कधी डोळा लावला नव्हता. आधी नुसता उजेड दिसला. मग शाळा सुटल्यावर फाटकात होते तशी झुंबड. कोणी सरळ सुसाट, कोणी जागच्या जागी गोल गोल, कोणी दुसऱ्याला धडकून वळणारे, बरेचसे नुसते पडून. पण हलत होते! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि वन्सं मागून ओरडतायत, "भिंगावर सांडू नकोस!"

मग त्याला बोलावलं. तो वाकला आणि तसाच राहिला.

"हे माझे?"

"मग कोणाचे, माझे?" वन्सं म्हणाल्या.

"मॅडम, हिला बोलावू?"

त्याने हाक मारायच्या आत ती दारात होती. तिने पाहिलं. एकदा त्याच्याकडे, पुन्हा भिंगात. सावकाश सरळ झाली आणि हातातली पर्स त्याच्या पाठीत अशी हाणली की तबकडीवरच्या डब्या हलल्या.

"दुसरं लग्न कर म्हणत होतास ना? कर म्हणत होतास ना मला?" आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. तोही रडत होता. मी तर आधीपासूनच. वन्संनी तिघांनाही बाहेर काढलं. काचेची लॅब आहे, म्हणाल्या.

शंभरात तीस हलत होते. हवेत त्यापेक्षा कमी, पण मेलेले नाहीत. बारा वाजता तो डॉक्टरांकडे गेला तो सही करायला नाही. "कुठे झोपायचं, सांगा, तपासा," म्हणाला. डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, त्यामुळे तिथे उष्णता वाढत होती. छोटं ऑपरेशन झालं. तीन महिने थांबून पुन्हा तपासलं तेव्हा बारीक आवाजाचं बटण जाड आवाजाच्या पुढे गेलं होतं. त्यानंतर पाच महिन्यांनी ती एकटीच खिडकीवर आली, माझा हात धरला आणि नुसती हसत राहिली.

प्रसूतीचा वॉर्ड आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बत्तीस वर्षांत वन्सं तिथे कधी गेल्या नव्हत्या. कामाशिवाय कशाला जायचं, म्हणायच्या. एके दिवशी तिथून निरोप आला आणि मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं, पांढऱ्या कोटासकट. मुलगी झाली होती. लालबुंद, मुठी आवळलेली, सगळ्यांवर रागावलेली. डेअरीवाल्याने ती उचलून वन्संच्या हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याआधी तुम्ही हिला पाहिलंत. त्या दिवशी, काचेवर."

"छे, छे," वन्सं म्हणाल्या. चूक ऐकून घ्यायची सवयच नाही. "शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्या दिवशीचे केव्हाच संपले. हिच्यातलं तेव्हा काहीसुद्धा…"

आणि थांबल्या. मुलीने त्यांच्या कोटाचं बटण पकडलं होतं. वन्सं खाली बघत राहिल्या. घरात आल्यापासून मी त्यांचा आवाज इतका बारीक झालेला ऐकला नव्हता.

"हिला मी आज पहिल्यांदा बघतेय."